मुशीचं तेल प्यालेली गिटार

ये गो बाय, जवळ ये जरा. तो फोन पालथा ठेव आणि ऐक. जवळ ये म्हणते खरी, पण तू बसलीस तिकडे कुवेतच्या फिंतासला समुद्राकडे तोंड करून आणि मी इथे खाडीकाठच्या आपल्या गावात. तेव्हा कागद जवळ ओढलास तरी पुरे.

तू धाडलेला फोटो बघितला. नवी गिटार घेतलीस, मुबारक. पण घेण्याआधी आजीला विचारायचं काही सुचलं नाही. दुकानदार म्हणाला, पाठ पूर्ण शिसवीची आहे, आणि तू मान डोलावलीस. मला कळवताना तर असा थाट, जसा काही तो शिसवीच्या झाडाखालीच जन्मला होता. अगो, लाल-काळं दिसलं की शिसव झालं का? तसं असतं तर तुझ्या फुफीचे मेंदी लावलेले केसही शिसवीचे म्हणावे लागतील.

आता असं कर. गिटारीच्या पोटाला जे गोल भोक असतं ना, त्यातून विजेरी मार आणि पाठीची आतली बाजू बघ. बाहेरून ज्या काळ्या-जांभळ्या रेघा दिसतात, त्याच आतून त्याच जागी दिसल्या तर लाकूड अख्खं आहे. आतून भलत्याच रेघा आणि भलताच रंग निघाला, तर तुझ्या गिटारीने शिसवीची नुसती ओढणी घेतली आहे. खाली आपलं प्लायवूड. जा, बघून ये.

बघितलंस? रडून झालं असेल तर पुढे वाच. ही विद्या मला कुणी शिकवली आणि त्यापायी एका चांगल्या गिटारीचं काय झालं, ते सांगते.

तेव्हा कुवेतमध्ये अजून आपले रुपये चालायचे. जुन्या शहरात मातीच्या भिंतींचं एक घर होतं, मधे अंगण आणि भोवती खोल्या. एका खोलीत आम्ही दोघं. तुझे आजोबा इमारती लाकडाच्या वखारीत होते. मलबारातून सागवान यायचं, आफ्रिकेतून छपराला लागणारे वासे यायचे, विलायतेतून मशीनांची खोकी यायची, आणि हे दारात उभं राहून आलेला माल मोजून घ्यायचे. एवढ्यावरून त्यांचा असा ग्रह झाला होता की जगातलं प्रत्येक लाकूड आपल्याला सलाम करूनच पुढे जातं. प्रत्यक्षात ओंडक्याच्या बुडावर शिक्का मारलेला असायचा. शिक्का वाचून सागवान ओळखायचे हे. शिक्का पुसलेला असला की आधी लाकूड ठोकून बघायचे, मग वास घ्यायचे, मग शेजारच्या माणसाला विचारायचे. पण शेजारच्या माणसाला विचारलं, ही गोष्ट घरी यायची नाही.

अंगणाच्या पलीकडच्या खोलीत माझी मैत्रीण राहायची. गोव्याची, दवाखान्यात नर्स. मी एकोणीस-वीस वर्षांची, ना आई जवळ ना सासू, आणि पोटात तुझा बाप. त्याने यायला दिवस निवडला तोही असा, की बाहेर तोज सुटलेली, म्हणजे धुळीचं वादळ, आणि समोरची भिंत दिसत नव्हती. तुझे आजोबा दाई आणायला गेले आणि भलत्याच गल्लीत पोचले. दाई आली नाही, गोवेकरीण आली. ड्यूटीवरून दमून परतलेली, तशीच आत शिरली. तुझा बाप या जगात आला तो तिच्या हातांत. म्हणून सांगते, त्या परक्या मुलखात माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, आणि ते ती होती.

तिच्याकडे एक गिटार होती. तिच्या बापाने स्वतः बनवलेली. तो देवळांची, म्हणजे त्यांच्या इगर्जीची बाकं, वेद्या, व्हायोलिनी असलं काम करायचा. ही कुवेतला निघाली तेव्हा त्याने ती बनवून दिली आणि पुढच्याच पावसाळ्यात वारला. हिला बापाला माती द्यायलाही जाता आलं नाही. तेव्हा तिच्या लेखी बाप म्हणजे ती गिटार. ड्यूटी नसली की अंगणात बसून वाजवायची. बाई माणूस पाय दुमडून गिटार वाजवतंय हे आमच्या पुरुषांना चालायचं नाही. पण ऐकायला सगळे दाराआड उभे असायचे.

तर तिच्या बहिणीचं लग्न ठरलं. ती रजेवर निघाली. बोटीच्या डेकवर झोपायचं, सामान उशाशी, खारट पाणी अंगावर. गिटार कुठे नेणार? माझ्याकडे आणून ठेवली. म्हणाली, "आगे बाये, खाटेखाली ठेव. उन्हात काढू नको. आणि बाजूला पाण्याची वाटी भरून ठेवत जा. हवा इथली लई सुकी, लाकूड तडकतं. आणि एक लक्षात ठेव."

"काय?"

"पुरुषांच्या हाती देऊ नको."

मी कबूल केलं. तिला काय माहीत, आमच्या घरात एकच खाट होती आणि तिच्यावर पुरुषच झोपत होता.

काही दिवस बरे गेले. मी रोज वाटी भरायची. मग एका शुक्रवारी यांची चप्पल खाटेखाली गेली, ती शोधायला हे वाकले आणि पाय लागून वाटी उलटली.

"इथे पाणी कशाला?"

"गिटारीला."

"पितं का ते?"

"हवा सुकी आहे, लाकूड तडकतं, म्हणून."

बस्स. लाकूड हा शब्द माझ्या तोंडून गेला आणि आमच्या घरातला लाकडाचा बादशहा जागा झाला. गिटार बाहेर आली, उजेडात नेली, मांडीवर पालथी-उताणी झाली. मग हाक ऐकू आली. "अगो! हे बघ! सगळी तडकलेय!"

मी धावत गेले. गिटारीचा दर्शनी भाग फिका, गव्हाच्या कणकेसारखा पिवळट, आणि त्यावर वरपासून खालपर्यंत केसासारख्या बारीक सरळ रेघा, एकीला चिकटून दुसरी. "ह्या भेगा," हे म्हणाले. "मोजता येणार नाहीत इतक्या. आणि ठेवलीय तुझ्या वाटीच्या भरवशावर!"

मला त्या रेघा आधी होत्या की नव्हत्या, काही आठवेना. वाजवणारीचे हात बघायचे की गिटारीचं पोट बघायचं? मी म्हटलं, "राहू दे, ती येईल तेव्हा बघेल." पण ऐकतंय कोण. दुपारच्या नमाजानंतर आमच्या खोलीत तज्ज्ञांची बैठक भरली.

एक हे. दुसरे आमच्या गावचे नाखवा, गलबत घेऊन मोसमात कुवेतला यायचे. त्यांनी आयुष्यात समुद्र सोडून दुसरं काही पाहिलं नव्हतं आणि म्हणून त्यांना सगळं समुद्रासारखंच दिसायचं. तिसरे पुण्याकडचे हिशेबनीस, बँकेत होते. त्यांना लाकडातलं काही कळत नव्हतं, पण पुण्याचे असल्यामुळे ती अडचण त्यांना कधी जाणवली नाही.

मी चहा करत होते. तेवढ्यापुरतीच मला बैठकीत जागा होती.

हिशेबनीस म्हणाले, "फणस आहे हा. वीणा फणसाचीच करतात. वाद्य म्हटलं की फणस."

नाखव्यांनी जीभ लावून बघितली. खरंच सांगते, लोकाच्या गिटारीला जीभ लावली. म्हणाले, "सागवान नाय. सागवान जिभेला तेलकट लागतं. ह्याच्यात तेलाचा थेंब नाय. कोरडं ठाक."

"फणसात तेल नसतंच," हिशेबनीस.

"तुमी फणस खाल्ला असाल, पावन्यानू. आमी फणसाच्या होडक्यात बसलोय."

हे मधे पडले. "भांडू नका. मी सांगतो. हे खोक्याचं लाकूड. विलायती मशीन ज्या खोक्यात येतं ना, त्याचं. रोज वखारीत जाळतो आम्ही चहाखाली. बाईला कुणीतरी ठकवलंन. पाठ बघा, शिसव आहे, बरं काम आहे. आणि तोंडाला लावलंन काय, तर खोकं!"

पाठीच्या बाबतीत तिघांचं एकमत झालं. काळ्या-जांभळ्या रेघांची, हाताला जड, नखाने जरा खरवडली की गोडसर वास. शिसव, यात वाद नाही. बाप रे, एकमत! तेवढ्यावर उठले असते तर किती बरं झालं असतं. पण पुरुषांचं एका गोष्टीवर एकमत झालं की त्यांना लगेच दुसरं काम काढावंसं वाटतं.

आता तुला आपली रीत ठाऊक नाही, म्हणून सांगते. आपल्याकडे होडी पाण्याबाहेर ओढली की तिला मुशीचं तेल पाजतात. मुशी म्हणजे तुमचा तो शार्क मासा. त्याच्या काळजाचं तेल. कुवेतच्या किनाऱ्यावर गलबतं बांधायचे तिथेही हीच रीत. उन्हात फळी सुकली, भेग पडली, की तेल. लाकडाची तहान पाण्याने भागत नाही, तेलाने भागते. हे आमच्या लोकांना अजानच्या खालोखाल खरं वाटायचं. आणि आपण अख्खी तडकलेली गिटार उघड्या डोळ्यांनी बघतोय, ती पण एका परक्या बाईची अमानत. मग चांगल्या माणसाने काय करायचं?

मी दुसऱ्या दिवशी तुझ्या बापाला कडेवर घेऊन मासळीबाजारात गेले. येताना टोपलीत जुबैदी होते, आपली पापलेटं गो. घरी परतले तर अंगणात वास. मला वाटलं, माझ्याच टोपलीचा. माशाला म्हटलंही, अरे, विकणारा तर तुला ताजा म्हणाला होता. मग बघते तर काय, भिंतीच्या सावलीत नाखवा बसलेत, हातात चिंधी, बाजूला डबा. आणि हे काचकागदाचा तुकडा झटकताहेत.

"आधी घासून घेतली," हे म्हणाले. "वर पॉलिश होतं जरासं, तेल आत जाईना."

जगात बऱ्याच गोष्टी माणसं मुद्दाम बिघडवतात. पण मन लावून, नीट घासून, काळजीने, दोन हात देऊन बिघडवायला आमचे पुरुषच लागतात. तो कणकेच्या रंगाचा चेहरा तपकिरी झाला होता, मधे जास्त, कडेला कमी, पाण्यात भिजलेल्या रोटीसारखा. हे आनंदात होते. "बघ, एक भेग दिसते का आता?"

मी खाली बसले. त्यांना काय बोलू? तिला काय सांगू, हा विचार आधी आला. बापाची शेवटची वस्तू तिने माझ्या हवाली केली होती. मग मुलतानी माती लावून बघितली, तांदळाचं पीठ थापून बघितलं. पिठाला वास लागला, गिटारीचा गेला नाही. शेजारचं मांजर तेवढं खूश, खाटेखालून हलेना.

बोट आली. ती आली. बहिणीच्या लग्नातला पेरादाचा, त्यांच्या पेरूच्या वड्यांचा, डबा घेऊन, हसत. दारातच थांबली.

"वास कसला गे?"

मी तोंड उघडायच्या आत हे पुढे झाले. छाती काढून. या माणसाला लपवायचं असं काही वाटलंच नव्हतं. "बेन, अल्लाचं नाव घ्या. तुमची गिटार पार तडकली होती. मी वाचवली." आणि दोन्ही हातांवर घेऊन अशी पुढे केली, जसं काही नवं जन्मलेलं पोर.

तिने गिटार घेतली. एक तार छेडली. आवाज आला तो ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. दुसरी छेडली. तसाच. मग तिने बोटाने तो डागाळलेला भाग चाचपला आणि विचारलं, "भाऊ, भेगा कुठे होत्या?"

"सगळीकडे! केसाएवढ्या, सरळ, वरून खाली."

"त्या भेगा नव्हत्या. त्या लाकडाच्या रेघा." आणि तिने त्यांना सांगितलं, आवाज न चढवता, म्हणून जास्त लागलं. की हे थंड मुलखातलं झाड, स्प्रूस म्हणतात. बर्फात हळूहळू वाढतं, म्हणून रेघा इतक्या जवळ. जितक्या जवळ आणि जितक्या सरळ, तितकं लाकूड चांगलं. आवाज तेच काढतं, पाठ नाही. पाठ नुसती साथ देते. म्हणून तोंडाचं लाकूड पातळ ठेवतात, पॉलिशसुद्धा जेमतेम लावतात. त्याला कोरडंच राहायचं असतं.

"पण बेन, मला तर ते खोक्याचं वाटलं..."

"खोक्याचंच आहे," ती म्हणाली. "इगर्जीला पोर्तुगालहून बाजाची पेटी आली होती, तिच्या खोक्याचं. शंभर फळ्यांत एक अशी निघते. माझ्या बापाने ती ओळखली."

एवढं बोलून गिटार उचलून ती गेली. पेरादाचा डबा तेवढा माझ्या उंबऱ्यावर राहिला.

आता तुला वाटेल, तुझ्या आजोबांची मान खाली गेली. गेली, पण आधी एक वाक्य बोलूनच. "बघ, खोक्याचंच म्हणाली ना!" हे वाक्य त्यांनी पुढे जन्मभर पुरवून वापरलं. चार गोष्टींत चुकले, एकीत बरोबर आले, आणि लक्षात काय ठेवलं?

ती यायची बंद झाली. अंगणात दिसली की सलाम घ्यायची, पोराच्या गालाला बोट लावायची, पण बसायची नाही. अंगणात आता सूर नाही. मी स्वयंपाक करायची आणि पलीकडच्या बंद दाराकडे बघायची. त्या मुलखात माझं एवढंच नातं होतं, तेही तेलात बुडालं. यांना मी काही म्हटलं नाही. नुसतं वाढायची आणि उठायची. बायकोचं भांडण माणसाला सोसतं गो, बायकोचं न बोलणं सोसत नाही.

मग एका गुरुवारी हे वखारीतून आले ते काखेत एक फळी घेऊन. खोक्याची. खिळ्यांची भोकं तशीच. मला काही न सांगता अंगण ओलांडलं आणि तिचं दार वाजवलं.

"बेन, ही बघा."

ती बाहेर आली. फळी उन्हात धरली. "ह्यात गाठ आहे."

दार बंद.

पुढच्या गुरुवारी दुसरी. "रेघा लांब लांब. गरम मुलखातलं झाड." दार बंद. मग तिसरी. "रेघा तिरप्या." मग एकदा, "भाऊ, हे स्प्रूस नाही, पाईन आहे. वास घ्या ना, राळ येते." हे तिथेच उभे राहून वास घेऊ लागले. पुढे पुढे दार लगेच बंद होईना. ती उंबऱ्यावर बसायची, हे अंगणात उकिडवे, मधे फळी. फळीचं टोक दाखवून ती सांगायची, बघा, रेघा अशा उभ्या असल्या तर चालेल, अशा आडव्या पडल्या तर जाळा. आणि हे, ज्यांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, मान हलवायचे. मी चहा घेऊन जायची. तिघं मिळून फळीला नावं ठेवायचो. फळीवर राग काढला की माणसावरचा थोडा कमी होतो, हे मला तेव्हा कळलं.

वखारीत लोक यांना हसू लागले. ज्या खोक्यांवर चहा उकळायचा, ती हा माणूस आता चुलीतून काढून उन्हात धरतो, टकटक वाजवून कान लावतो. नाखवा पुढच्या मोसमात आले तेव्हा म्हणाले, "ह्याला काय झालंय?" मी म्हटलं, "तुमचं तेल चढलंय."

मिळाली अखेर. कसल्याशा मोठ्या यंत्राच्या खोक्याची, रुंद, एकही गाठ नाही, रेघा केस विंचरल्यासारख्या. तिने उन्हात धरली, वाकवली, बोटाने ठोकली. टण्ण. ती आत गेली आणि माझ्यासाठी पाट घेऊन आली, म्हणजे मी समजले की आज बसायचं आहे.

ती फळी तिने वर्षभर खोलीत सुकू दिली. तोवर रुपये जाऊन दिनार आले होते. पुढच्या रजेत फळी आणि गिटार दोन्ही घेऊन गेली. बापाचा हाताखालचा सुतार होता, त्याने जुनं तोंड उतरवून नवं चढवलं. पाठ बापाचीच ठेवली. परत आली त्या संध्याकाळी अंगणात बसून वाजवली. हे दाराआड उभे न राहता समोर येऊन बसले. वाजवून झाल्यावर म्हणाले, "आवाज बरा आहे. आमच्या वखारीचं लाकूड." तिने तार ओढून यांच्या दिशेने अशी वाजवली, की शिवीच ती.

पण नीट जवळ नाक नेलंस तर पाठीच्या कडेला अजून मुशीचा वास येतो हं. पावसाळ्यात जास्त.

मला कसं माहीत म्हणतेस? ती आता गोव्यात आहे, बोटं वाकडी झालीत, गिटार धरवत नाही. मागल्या सालात भाचीच्या हाती ती माझ्याकडे पाठवली. सांगून पाठवलं, "आगे, तुझ्या नातीला शिकायचं आहे ना? तिला दे. पण पुरुषांच्या हाती देऊ नको." खाटेखाली ठेवली आहे. इथे हवा ओली, वाटी लागत नाही, तरी मी ठेवते. सवय. तुझे आजोबा गेल्यापासून या घरात लाकूड ओळखणारं कुणी उरलं नाही, तेव्हा गिटार अगदी सुखरूप आहे. कधीकधी वाटतं, कुणीतरी उगाच वाकून विचारावं, "इथे पाणी कशाला?"

तेव्हा ती ओढणी घेतलेली प्लायवूडची तिथेच ठेव आणि ये. सुट्टी बघ, मग तिकीट बघ, मग आईला विचार, असलं काही करू नको. माझ्या बोटांना वाजवता येत नाही आणि खाटेखाली ती मुकी पडली आहे. तार बदलायची ती तुझी तू घेऊन ये. आणि येताना विजेरी आण. आतून बघ, मग मला सांग, माझ्या नवऱ्याने शेवटी लाकूड बरोबर ओळखलं की नाही. लवकर ये गो. वाट बघते.